जाळरेषा आणि झटका तार: १४ जणांच्या एका कुंपणाच्या नोंदी

रामटेक तालुक्यात, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्याला, लागून आमचं गाव. पलीकडे जंगल, अलीकडे आमची वावरं, मध्ये नावापुरता धुरा, म्हणजे बांध. १४ शेतकरी, ३१ एकर आणि सगळ्यांना मिळून एकच सौर कुंपण, म्हणजे सौर मशीनवर चालणारी, जनावराला न मारता झटका देणारी तार, असं काम आम्ही डिसेंबर २०२३ मध्ये हाती घेतलं. आता आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, "कसं केलं भाऊ, किती लागले?" तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या नीट करून उतरवतो आहे. नाव कुणाचंच लिहिलेलं नाही. जिथे चुकलो तिथे चुकलो असंच लिहिलं आहे.

९ डिसेंबर २०२३

काल रात्री डुकरांनी काकांच्या हरभऱ्यात नांगर फिरवल्यासारखं केलं. दीड एकरातलं अर्ध रान उलथून पडलं आहे. खाल्लं कमी, उकरलं जास्त. काका जागलीला होते, पण मचाणावर पहाटे तीनला डोळा लागला. तेवढंच पुरलं.

सकाळी वावरातच काका म्हणाले, "आता बस झालं. तार ओढतो अन् लायनीवरून करंट सोडतो. एक रातच सोडतो ना बाबू, कोण पाहून राहिलं?"

हे मी आधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आज काकांना सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तुरीला मीच एक रात्र तार ओढली होती. सकाळी तारेजवळ माझाच कुत्रा पडलेला होता. रोज माझ्या मागे यायचा, त्या रात्रीही आला असेल. त्याच्या जागी मुलगा आला असता तर, हा विचार अजून जात नाही. आणि वाघ आला असता तर गोष्ट तिथेच संपत नाही. उमरेड-कऱ्हांडल्याच्या 'जय' वाघाचा बच्चा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे असाच शेतातल्या करंटने गेला. पीक वाचवायला निघालेला माणूस वन्यजीव कायद्याच्या गुन्ह्यात आत जातो.

काका गप्प बसले. मग म्हणाले, "मग तूच सांग काय करू."

१७ डिसेंबर

समाजमंदिरात बैठक. जंगल खात्याकडून रेंजर साहेब, वनपाल आणि आमचे बीटवाले दादा, म्हणजे वनरक्षक, आले. आम्ही २३ जण.

पहिली चूक इथेच झाली. आम्ही १९ मागण्यांची यादी करून नेली होती. जुन्या नुकसानीचे अडकलेले पैसे, गुरांच्या चराईचा वाद, तेंदूपत्ता, पांदण रस्ता, कुणाच्या तरी सासऱ्याची जप्त झालेली बैलगाडी. तीन तास गेले. एक जण ओरडला, "वाघ तुमचा, मग डुक्करही तुमचंच!" सगळे हसले, साहेबही हसले, पण पदरात काही पडलं नाही. उठता उठता बीटवाले दादा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "भाऊ, कागद ठेवा घरी. परवा सकाळी चप्पल घालून या, धुरा पायी पाहू."

दुसऱ्या गावांना सांगायचं तर पहिली भेट सभागृहात ठेवूच नका, वावरात ठेवा.

१९ डिसेंबर

आम्ही सहा जण, बीटवाले दादा आणि एक वनमजूर. ३० मीटरची दोरी घेतली, सकाळी सातला निघालो आणि दुपारी एकला संपलं. ३१ आणि कोपऱ्यातल्या एकाचे २, अशा ३३ एकरांचा फेरा १,७६० मीटर भरला.

खरं काम मापाचं नव्हतं. जंगलाचे मुनारे, म्हणजे हद्दीच्या खुणेला रचलेले गोट्यांचे ढीग, कुठे आहेत ते सगळ्यांनी एकत्र पाहणं, हे खरं काम. तीन ठिकाणी आमचा धुरा मुनाऱ्याच्या पलीकडे चार ते सात फूट सरकलेला निघाला. एका ठिकाणी मुनाराच ढासळला होता, गोटे चहूकडे पसरलेले. सगळ्यांचे चेहरे उतरले. आता अतिक्रमणाची नोटीस, असंच प्रत्येकाच्या मनात. माझ्याही मनात.

दादांनी गोटे गोळा करून मुनारा पुन्हा रचला. आम्हीही हात लावला. मग म्हणाले, "तार मुनाऱ्याच्या आत एक मीटर घ्या. मी मागचं काही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका." ठरलं. एका म्हाताऱ्या काकांच्या पाच ओळी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) गेल्या, त्यांनी दोन दिवस अबोला धरला.

दुसरी गोष्ट वनमजुरानं सुचवली. तो गावातलाच, उन्हाळ्यात आग राखायला असतो. जंगलात दरवर्षी जाळरेषा काढतात. गवताचा पट्टा कापून, जाळून साफ ठेवायचा, म्हणजे आग पलीकडे उडी मारत नाही. आमच्या बाजूची जाळरेषा धुऱ्यापासून ४०-५० फूट आत होती. तो म्हणाला, "हेच पट्टं सरकवून धुऱ्याला लावलं तं तुमच्या तारीले गवत नाई लागत, अन् तुमच्या वावरातली आग आमच्याकडे नाई येत." एवढं साधं. सौर कुंपण कशाने मरतं तर गवताने, ते तारेला टेकलं की वीज मातीत जाते. जंगल कशाने जळतं तर धुऱ्यावरच्या पेटवलेल्या काडीकचऱ्याने. दोघांचं दुखणं एकाच पट्ट्यात.

तिसरी गोष्ट दादांनी सांगितली ती आम्ही ऐकली नाही. मधून जो नाला जातो तो बंद करू नका, जनावरांची पाण्यावर जायची वाट आहे, दोन्ही बाजूंनी तार घेऊन २० फूट मोकळे सोडा, असं ते म्हणाले. आम्ही हिशेब केला, २१० मीटर तार जास्त. नाही म्हणालो. याची किंमत ऑगस्टमध्ये लिहिली आहे.

२६ जानेवारी २०२४

ग्रामसभा. याच महिन्यात पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखणारी जागा, म्हणून मान्यता मिळाल्याची बातमी होती. एक काका उठून म्हणाले, "आता आभायही राखून राहिले म्हणते. माहा हरभरा कोण राखन?" ठरावाच्या आधी दहा मिनिटं हशाच चालला.

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गावाच्या ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडे मागणी टाकायची, उरलेली रक्कम आपसात वर्गणीने, असा ठराव झाला. ही योजना २०१५ पासून बफरमधल्या गावांसाठी आहे. आमच्याकडे तिच्यातून गॅस आले होते, सामूहिक कुंपण पहिल्यांदाच.

भांडण वर्गणीवरून. मधल्या वावरांचे म्हणाले, आमचा धुरा जंगलाला लागतच नाही, आम्ही का द्यायचे? कडेचे म्हणाले, आमचं खाऊन झालं की डुक्कर तुमच्याकडेच येतं ना? शेवटी धुऱ्याच्या लांबीवर न ठरवता एकरावर ठरवलं, एकरी २,००० रुपये. कोपऱ्यातला २ एकरवाला बाहेर पडला. "तुमची तार टिकली तं पाहू," म्हणाला. त्याचा तुकडा वगळायला रेषा आत वळवावी लागली आणि १४० मीटर वाढले. एक माणूस कमी, तार जास्त. फेरा झाला १,९०० मीटर.

२० मार्च

१६ तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली. मंजुरीचा कागद टेबलावर आहे, पण तो तिथेच राहणार. आम्ही जानेवारीतच मागणी पूर्ण कागदांसह दिली असती तर सुटलो असतो. सातबारे गोळा करायला पाच आठवडे घालवले, त्यात दोघांचे वारसाचे फेरफार झालेले नव्हते. सातबारे आधी काढा.

३ एप्रिल

आज कुंपणाचं काहीच काम नाही, पण नोंद करतो.

दुपारी दोनला जंगलात धूर दिसला. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला कुणीतरी पेटवला आणि वाऱ्याने पसरला. कुणीतरी म्हणजे आमच्याच गावातलं. कोण ते सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी अशा वेळी आम्ही घरात बसायचो, कारण आग विझवायला गेलेल्यालाच विचारपूस होते अशी समजूत. या वेळी काका सगळ्यात पुढे. पळसाच्या ओल्या डहाळ्या घेऊन ११ जण गेलो. वनमजूर पाठीवर ब्लोअर घेऊन पाला उडवत होते, आम्ही मागून झोडपत होतो. पाचला आटोक्यात आली. माझ्या उजव्या हाताचे केस गेले.

संध्याकाळी नळावर हात धुताना बीटवाले दादा म्हणाले, "कुंपणाचं मी लावून धरतो." साहेब म्हणून नाही, शेजारी म्हणून म्हणाले असं वाटलं.

१८ जून

आचारसंहिता उठल्यावर मंजुरी आली. समितीच्या खात्यातून १,१०,००० रुपये. आमची वर्गणी ६२,०००. खर्चाचं अंदाजपत्रक असं होतं: सहा फुटी लोखंडी अँगल ३२० नग, २९० रुपयांप्रमाणे ९२,८००. १२ गेजची जीआय तार चार पदरी, २९३ किलो, २७,८००. झटका मशीन, पॅनल, बॅटरी मिळून २१,५००. तारेची वीज अँगलमध्ये उतरू न देणारे इन्सुलेटर १,३०० नग, ११,७००. कोपऱ्यांना सिमेंट-गिट्टी ६,४००. अर्थिंगचं सामान ३,२००. फाटकाची तार हाताने काढायच्या-लावायच्या पाच मुठी १,७५०. वीज पडण्यापासूनचा अरेस्टर ६००. गाडीभाडं ४,५००. एकूण १,७०,२५०. मजुरी धरलेली नाही, ती आमची आम्हीच.

२४ जून

स्वस्तात मिळालं म्हणून मशीन नागपूरच्या एका दुकानातून आणलं, अंदाजपत्रकापेक्षा ६,००० कमी. घरी आणून पाहिलं तर मशीनवर आयएस ३०२-२-७६ ची खूण नाही. कुंपणाच्या झटका मशीनसाठी हेच मानक आहे. चांगलं मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देतं, आणि तो ठोका सेकंदाच्या अगदी हजाराव्या भागाइतका छोटा. त्यामुळे जनावर उडतं पण चिकटत नाही, मरत नाही. या मशीनचा ठोका ऐकला तर लय नाही, कधी दोन सलग, कधी चार सेकंद शांत. दादांनी स्पष्ट सांगितलं, हे लावलं तर मी सही करणार नाही. त्यांचं बरोबर होतं. कुत्र्याची गोष्ट माझीच, आणि तरी मी स्वस्ताच्या मागे लागलो.

परत करायला गेलो तर दुकानदार पैसे देईना, वस्तूच घ्या म्हणाला. शेवटी तेवढ्याची तार घेतली. १२ दिवस गेले. तेवढ्यात पाऊस लागला आणि जो तो धानाच्या पऱ्ह्यांच्या (रोपांच्या) मागे.

२९ जून ते ९ जुलै

अँगल गाडणं. काळ्या मातीत पावसानंतर सब्बल लोण्यात जाते, आणि अँगलही तसाच लोण्यात उभा राहतो. दोन दिवसांत ९० गाडले. चौथ्या दिवशी तार ताणली तर कोपऱ्यातले सगळे आत झुकले, जणू नमस्कार करून राहिले. २४ कोपरे आणि वळणं पुन्हा उकरली, दोन फूट खोल सिमेंटमध्ये बसवली, आणि तारेच्या ओढीच्या उलट बाजूने तिरपा टेकू दिला. अंदाजपत्रकात सिमेंट होतंच, पण "सरळ अँगल पुरते, सिमेंट शेवटी पाहू" असं आम्ही शहाणपण केलं होतं.

तारांची उंची जमिनीपासून ८, १८, ३० आणि ४२ इंच. खालची ८ इंची तार डुकरासाठी. ती १२ वर घेऊ, गवत कमी लागेल, असं दोघांचं मत पडलं. डुक्कर आधी नाकाने चाचपतं, मग नाक खाली घालून घुसतं. १२ इंचाखालून ते पाठ घासत निघून जातं आणि पाठीवरच्या राठ केसांतून झटका लागतच नाही. नाकाला लागला पाहिजे. ८ वरच ठेवली.

रोवणीचे दिवस, त्यामुळे रोज पाचच्या वर माणूस मिळाला नाही. तीन दिवसांचं म्हणून धरलेलं काम ११ दिवस चाललं.

१४ जुलै

दुसरं मशीन सुरू. मशीनजवळ टेस्टरवर ७,९०० व्होल्ट, शेवटच्या टोकाला २,३००. डुकराला ५,००० च्या वर पाहिजे. २,३०० म्हणजे त्याला गुदगुल्या.

पुढचे पाच दिवस यातच गेले. हे सविस्तर लिहितो, कारण सगळ्या गावांचं घोडं इथेच अडतं.

दिवसा काही दिसेना. मग रात्री नऊला, बॅटऱ्या बंद करून, मी आणि काका तारेच्या कडेने चालत गेलो. बेडकांचा आवाज, नाल्याचं पाणी, आणि मशीनचा ठोका. दुसऱ्या फाटकाजवळ पायाखालून बारीक टक्, टक् असा आवाज आला. ठोक्याच्या तालावर. वाकून पाहिलं तर मातीतून निळी ठिणगी. फाटकाखालून वीज पलीकडे न्यायला आम्ही घरातली साधी वायर पाइपात घालून पुरली होती. ती वायर घरच्या २३० व्होल्टसाठी. आठ हजारांपुढे तिचं आवरण कागदासारखं. पाचही फाटकांखाली तेच. वायर उपसून टाकल्या, दोन्ही बाजूंना बांबू उभे करून तार १४ फुटांवरून नेली, ट्रॅक्टर खालून जातो. टोकाला ४,६०० आले.

मग अर्थिंग. एकच सळई ठोकली होती. घरगुती तपासणी अशी: मशीनपासून १०० मीटरवर लोखंडी पहार तारेला टेकवून मुद्दाम गळती करायची आणि अर्थिंगच्या सळईवर टेस्टर लावायचा. ३०० च्या वर आकडा आला तर अर्थिंग अपुरं. आमचा १,१०० आला. तीन जीआय पाइप तीन-तीन मीटरवर ठोकले, एका तारेने जोडले, कोळसा-मीठ टाकलं. टोकाला ५,८००.

शेवटचे ६०० गाठींत अडकले होते. हाताने पिळून दिलेल्या गाठी काढून नट-बोल्टचे क्लॅम्प लावले. ६,४००. काकांनी तारेला गवताची ओली काडी लावून पाहिली, "आई गं" म्हणून तीन पावलं मागे. ज्याने डिसेंबरमध्ये लाइनीवरून करंट सोडायचं म्हटलं तो माणूस हा.

२ ऑगस्ट

नाला. चिखलात खुरांचे ठसे, नाल्याच्या तळातून आत आणि परत बाहेर. खालच्या तारेवर राठ काळे केस अडकलेले. आत पाव एकर धान लोळवलेलं.

आम्ही नाल्यावरून तार आडवी नेली होती आणि खाली लोखंडी साखळ्या लोंबत्या सोडल्या होत्या. पूर आला की काडीकचरा साखळ्यांत अडकतो, सगळी वीज पाण्यात जाते. पूर ओसरला की खाली दोन फुटांची मोकळी वाट. पहिल्या आठवड्यात तीनदा साखळ्या बसवल्या. चौथ्यांदा पुरात दोन अँगलसकट वाहून गेल्या, अजून सापडल्या नाहीत.

बीटवाले दादांना बोलावलं. ते "मी तेव्हाच सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत, हे इथे मुद्दाम लिहितो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोरी धरली. नाल्याच्या दोन्ही अंगांनी तार, मध्ये २० फूट मोकळे. ३५ अँगल, ८४० मीटर तार, १४० इन्सुलेटर, मिळून १४,४८०. एकरी आणखी ५०० रुपये गोळा केले, त्यात शिव्याही गोळा झाल्या. दोन भाग वरून तारेने जोडले.

चार दिवसांनी सकाळी नाल्याच्या रेतीत चितळांचे, डुकरांचे आणि एका बिबट्याचे ठसे. सगळे सरळ पाण्याकडे गेलेले. एकही तारेकडे वळलेला नाही.

७ सप्टेंबर

२ तारखेला पोळा, ३ ला तान्हा पोळा. पोरं मारबत पाहायला नागपूरला गेली, मोठे बैलांच्या मागे. तारेकडे कुणी पाहिलंच नाही. चौथ्या फाटकाची मूठ जमिनीवर पडून होती आणि तो अर्धा भाग पाच दिवस मेलेला. कळपाने ४ तारखेच्या रात्री काकूंच्या धानातलं अर्ध एकर खाल्लं.

तार पाहायची पाळी कागदावर होती, १४ जणांची १४ दिवस. कागद माझ्या घरात भिंतीवर. मीच पाहिला नाही.

नुकसानीचा अर्ज तीन दिवसांत द्यावा लागतो, हे ध्यानात होतं म्हणून ६ तारखेलाच दिला. वनविभाग, तलाठी आणि कृषी सहायक, तिघांचा मिळून पंचनामा होतो. तिघे एका दिवशी आले नाहीत तर काम लांबतं, म्हणून आम्हीच तिघांना फोन करून वेळ जुळवली. नुकसान झालेल्या जागी आधी हात लावू नका, फोटो काढा, ठसे टोपल्याने झाकून ठेवा.

काकू पंचनाम्यानंतर म्हणाल्या, "ते वही माह्या घरी ठेवा. तुमच्यानं नाई होत." मशीन त्यांच्याच अंगणाच्या कोपऱ्यात आहे. तेव्हापासून मशीनच्या पेटीत दोरीने बांधलेली वही आहे. सकाळ-संध्याकाळ टोकाचा आकडा लिहायचा. बीटवाले दादा गस्तीवर येतात तेव्हा तेही टेस्टर लावून त्याच वहीत आकडा लिहून सही करतात. आकडा ५,००० च्या खाली गेला की काकू पाळीवाल्याच्या दारात जाऊन त्याच्या बायकोला सांगतात. थेट त्याला सांगत नाहीत. याचा गुण जास्त येतो.

२१ नोव्हेंबर

सकाळी सहाला चितळाचं पाडस दोन तारांमध्ये अडकलेलं. मशीन लगेच बंद, दादांना फोन. ते येईपर्यंत कुत्री हाकलत उभे राहिलो. कुणाचा फोन लागला नाही तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तो आकडा पेटीवर रंगवून घेतला आहे. पाडस उठून पळालं. त्या जागी तारा ढिल्या होत्या, स्प्रिंग बसवली.

कोपऱ्यातला २ एकरवालाही आला. त्याची तूर चारही बाजूंनी आम्ही सोडून दिल्यासारखी झाली होती, डुकरांना एकटा तोच उरला. एकरी २,५०० घेतले, त्याला वळसा घालणारी तार काढली. १४० मीटर तार आणि २३ अँगल मोकळे झाले. पाळी आता १५ जणांची.

२१ जानेवारी २०२५

ठरल्याप्रमाणे या वर्षीची जाळरेषा धुऱ्याला लागून काढली. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो, त्याच्या आधी हे पट्टे कापून जाळून व्हायला हवेत. गवत वनखात्याच्या मजुरांनी कापलं, आम्हीही आठ जण लागलो. दोन दिवस वाळवलं आणि काल पेटवलं.

आणि ८६ इन्सुलेटर वितळले. मेणबत्तीसारखे लोंबले, तार अँगलला चिकटली आणि टोकाला आकडा ४००. वर्षभर आम्ही दोघांनी मिळून पट्टा कुठे असावा ते ठरवलं, पण आग तारेपासून किती लांब हवी ते कुणीच विचारलं नाही. त्यांना वाटलं शेतकऱ्यांनी पाहिलं असेल, आम्हाला वाटलं हे त्यांचं रोजचं काम.

पैसे कुणी द्यायचे यावर पाच मिनिटं आवाज चढले. मग इन्सुलेटरचे ७७४ रुपये आम्ही दिले, आणि बसवायला त्यांचे चार मजूर आले. रात्र होईस्तोवर झालं नाही, म्हणून सगळे जागलीला बसलो, बीटवाले दादाही आले. हरभरा वाचला. आता तारेपासून १५ फुटांत कापायचं आणि ओढून पलीकडे नेऊनच जाळायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

९ फेब्रुवारी

नाला मोकळा सोडल्यापासून आमच्या आत डुकरं दोनदा आली, दोन्ही वेळा फाटक उघडं होतं. जागलीला आता कुणी जात नाही. काका मचाणावर भर दुपारी झोपतात.

आज पूर्वेकडच्या टोलीवरचे (वस्तीवरचे) सात-आठ जण आले. चहा घेतला नाही. एक जण म्हणाला, "तुमची डुकरं आमच्याकडे पाठवली तुम्ही." त्यांचा गहू पाहून आलो. काकांच्या हरभऱ्याचं डिसेंबरमध्ये झालं होतं, तसंच. आमच्या तारेच्या शेवटच्या अँगलपासून त्यांचं पहिलं वावर ३०० पावलं. तिथवर येऊन कळप उजवीकडे वळतो, हे ठशांवरून लहान पोरालाही कळेल.

त्यांच्यातला एक तरुण लाइनीवरून करंट सोडायचं म्हणत होता. काकांनी त्याला बाजूला घेतलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण बोलताना एकदा माझ्याकडे बोट दाखवलं.

दादांना फोन केला. येत्या रविवारी सकाळी सातला, दोरी घेऊन, त्यांच्या धुऱ्यावर. सातबारे आधीच काढायला सांगितले आहेत. मधला नाला त्यांच्याकडूनही जातो.

बॅटरीचं पाणी कमी झालं आहे, ते त्याआधी भरायचं.